मामाला काहीही झालेलं नाही

आमच्या मामाबद्दल गल्लीत अशी वदंता आहे की त्याला जगातले यच्चयावत रोग होऊन गेलेत. पटकी झाली, धनुर्वात झाला, घटसर्प झाला, आणि प्रत्येक वेळी हा पठ्ठ्या संध्याकाळी केस विंचरून हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर! कोपऱ्यावरचा पाववाला त्याला पावाची लादी फूटपट्टीने पुढे ढकलून देतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं म्हणणं बरोबर उलटं. जंतूच मामाला घाबरतात, म्हणे. त्यांनी आपलं शिंकणारं पोर एकदा जिन्यात गुपचूप मामाच्या पाठीला घासून नेलं.

सगळं झूट. मामाला आयुष्यात एकदाच काहीतरी झालं, ती म्हणजे सर्दी. आणि ती त्याला इतकी वाईट वठवता आली की मामीचा विश्वासच बसला नाही.

खरी गोष्ट अशी की मामा पगारी रोगी आहे. डॉक्टरकीच्या कॉलेजात मुलांची परीक्षा घ्यायची तर रोगी लागतात, आणि खऱ्या रोग्यांचं काही खरं नसतं. ते दमतात, रडतात, मधेच बरे होतात. म्हणून कॉलेज दोन-चार माणसं बाळगून असतं. त्यांना सकाळी रोग सांगायचा, त्यांनी तो दिवसभर करायचा, मुलांनी तो ओळखायचा. बाकीची मंडळी पोट धरून 'आई गं' म्हणतात आणि घरी जातात. मामा तसला नाही. मामाला आतून करायला लागतं.

ह्या धंद्यात तो पडला तो मामीच्या दाढेमुळे. तेव्हा तो मामीच्या भावाच्या, म्हणजे आपल्या मेव्हण्याच्या गाद्यांच्या दुकानात होता. मामीची दाढ काढायला दोघं हॉस्पिटलात गेले. मामी आत, हा रांगेत. आता मामाला लहानपणापासून एक खोड आहे, समोरचा जसा उभा तसा हा उभा. मुद्दाम नाही, आपोआप. समोरचा माणूस पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबून वाकला होता. हाही वाकला. तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला, त्यांना हा जास्त पसंत पडला, आणि काही कळायच्या आत मामा चाकाच्या खाटेवर. वाटेत एक खोकणारे आजोबा लागले, तशी कळ पोटातून छातीत चढली. पुढे तोंड वाकडं झालेली एक बाई लागली, तसं ह्याचं तोंड फिरलं. ऑपरेशनच्या दाराशी पोचेपर्यंत तीन रोग बदलले होते, आणि शिकाऊ मंडळींत जुंपली होती की कापायचं कुठे.

समोरून जंतूंच्या मॅडम आल्या. ह्या तिथे जंतू शिकवतात. केसांत खडूची पूड आणि बोलणं असं, की वाक्य संपायच्या आत पुढचं येऊन त्याला धक्का देतं. त्यांनी खाट थांबवली, मामाकडे बघितलं. मामाने लगेच त्यांच्यासारख्या भुवया वर केल्या.

"ह्यांना खाली उतरवा," मॅडम म्हणाल्या, "आणि माझ्या खोलीत पाठवा."

तिकडे मामी तोंडात कापूस घेऊन बाहेर आली तर नवरा नोकरीला लागलेला.

पहिला रोग मिळाला धनुर्वात. वॉर्डमधल्या माणसाने समजावलं, "जबडा आवळायचा, पाठ कमान करायची, झालं."

"पण का?" मामा म्हणाला.

"का म्हणजे? धनुर्वात आहे म्हणून."

"असं नाही चालत, राव. मला कारण द्या. कारणाशिवाय माझा जबडा हलत नाही."

तो माणूस उठून गेला आणि मॅडमना घेऊन आला. मॅडमना तर काय, असा विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी टेबलावरची कात्री उचलली.

"आता गंमत बघा, मामा. स्नायूला एक निरोप जातो, 'आवळ'. आणि दुसरी एक पेशी मागून म्हणत असते, 'पुरे'. दोन्ही निरोप रेणूंचे. बारीक बारीक पिशव्यांत भरून मज्जातंतूंच्या टोकाशी ठेवलेले. पिशवी भिंतीला टेकली की फुटते, निरोप सुटतो. पण टेकायला तिला ओढावं लागतं, आणि ओढायला एक प्रथिन असतं, दोऱ्यासारखं. कळलं? आता जखमेत जंतू. तो बिचारा तिथेच बसून राहतो. त्याचं विष मात्र मज्जातंतूतून चढत चढत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातं आणि तिथे 'पुरे'वाल्या पिशव्यांचे दोरे, कच्, कापून टाकतं. 'आवळ' चालू. 'पुरे' बंद."

मामाने डोळे मिटले. "आमच्या घरासारखं. सुरुवात करायला सगळे, पुरे म्हणायला कुणी नाही."

"अगदी! आणि आता खरी गंमत. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात एक दुसरा जंतू असतो. त्याचं विषही कात्रीच. तोच दोरा कापतं बरं का, तोच! पण ते मज्जारज्जूपर्यंत जात नाही. स्नायूच्या दाराशीच बसतं आणि 'आवळ'वाल्या पिशव्यांचे दोरे कापतं. मग माणूस लुळा. पापण्यासुद्धा उचलत नाहीत."

"तोच दोरा?"

"तोच."

"म्हणजे एका जागी कापला तर माणसाचं धनुष्य, आणि दुसऱ्या जागी कापला तर फडकं?"

"मामा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून रोज या."

परीक्षेच्या दिवशी मामाने कमान केली ती बघण्यासारखी होती, असं मामा सांगतो. डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला, मधून मांजर जावं. पण कमानीत असताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. कात्री नक्की कुठे ठेवली? कण्यात की स्नायूच्या दारात? झालं! तेवढ्या विचाराने त्याच्या पापण्या गळायला लागल्या, ओठ लोंबला. कमान तशीच. मुलांसमोर जे उभं, म्हणजे आडवं, राहिलं ते असं की गळ्यापर्यंत धनुष्य आणि गळ्यापासून झोपाळू म्हैस. एकाने निदान लिहिलं, 'दारू पिऊन पलंगावरून पडला, पण पूर्ण नाही.' दुसऱ्याने निदानाच्या जागी नुसतं 'बापरे' लिहिलं.

मॅडमनी मामाला झापला. "मामा, एका वेळी एकच विष!"

तेव्हापासून त्याने तालीम घरी आणली. मी शाळेसाठी मामाकडेच राहते, त्यामुळे हे सगळं मी जेवणाच्या टेबलावरून पाहिलेलं आहे. पटकीच्या आठवड्यात मामा हातात पाव घेऊन थांबला आणि म्हणाला, "मी आता आतड्याची पेशी आहे."

"असाल," मामी म्हणाली. "मीठ द्या इकडे."

"तेच तर! मीठ बाहेर चाललंय. अगं, जंतू माझ्या आत आलाच नाही. बाहेर ओसरीवर बसलाय आरामात. त्याने नुसतं विष आत सोडलं, आणि त्या विषाने माझं एक बटण 'चालू'वर चिकटवून टाकलं. हे बटण एरवी टकटक, चालू-बंद, चालू-बंद. आता बंदच होत नाही. आतलं मीठ भराभरा बाहेर, मिठामागे पाणी..."

"पाण्यामागे काय जातं ते जेवताना सांगू नका."

"पण समजलं का तुला? त्याने मोडलं काहीच नाही. नुसतं चालू ठेवलं!"

"तुम्हालाही कुणीतरी असंच चालू ठेवलेलं आहे," मामी म्हणाली, आणि हात लांब करून आपलं मीठ आपण घेतलं.

मी मामीची ही वाक्यं मामीच्याच आवाजात परत म्हणून दाखवते, मग मॅडमची, मग पाववाल्याची. घरात ह्याची कुणाला फारशी कदर नाही. मामा तर म्हणतो, "तू म्हणजे विषाणू आहेस. जंतू परवडला, त्याचं स्वतःचं घरदार असतं, खातो-पितो. विषाणूचं काय? डबीत चिमूटभर हुकूम. ना तोंड ना पोट. दुसऱ्याच्या पेशीला चिकटायचं, तिनेच भोळेपणाने आत घ्यायचं, आणि मग तिच्याच यंत्रांवर स्वतःच्या प्रती छापून घ्यायच्या. तसं तुझं. एकाचा आवाज उचलतेस आणि घरभर छापतेस."

"आणि तू रे?"

"मी कलाकार आहे," मामा म्हणाला, आणि घटसर्पाने त्याचा घसा बसला.

असं सगळं छान चाललं होतं. मग जावईबापू आला.

जावईबापू म्हणजे रबराचा माणूस. कॉलेजच्या मोठ्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मागवलेला. त्याला वेगळी खोली, थंड हवेचं यंत्र, रात्री पांघरूण, आणि हात लावायचा तर आधी हात धुवायचे. शिपायांनी हे लाड बघितले आणि बारसं उरकून टाकलं. जावईबापूला घाम येई, झटके येत, बाहुल्या बारीक-मोठ्या होत, छातीत घरघर लागे. पोटावर झाकण होतं आणि आत रोगांची बटणं.

मोठ्या सरांनी मामाला बोलावलं. मोठे सर प्रत्येक वाक्याला शेवटी एक टाचणी मारतात.

"काय आहे मामा, आता यंत्र आलेलं आहे, लक्षात घ्या. यंत्र थकत नाही, लक्षात घ्या. यंत्र 'का' असं विचारत नाही, हे विशेष लक्षात घ्या."

"सर, त्याला डोळ्यांत भाव आहेत का पण?"

"धनुर्वातात कसले भाव, मामा?"

मामा दुखावला गेला. खुर्चीत खचला तो थेट डबाबंद अन्नातलं विष चढल्यासारखा. मॅडम तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एक खोली राहते. निरोग्याची."

हे एक सांगायला हवं. त्या परीक्षेत एका खोलीत नेहमी धडधाकट माणूस बसवतात. मुलं उगाच कुणालाही रोग चिकटवत नाहीत ना, ते बघायला. आणि जावईबापूला निरोगी करायचं बटणच नव्हतं. बटण दाबलं तर रोगी, नाही दाबलं तर मढं. अधलंमधलं काही त्याच्या पोटात भरलेलंच नव्हतं.

"निरोगी काय, रस्त्यावरून कुणालाही धरून आणू," मोठे सर म्हणाले.

"मागच्या वेळी आणलाच होता की! त्याला पोरांनी रक्तदाब काढून दिला. त्याच्या आदल्या खेपेच्या माणसाला मूतखडा निघाला, खराखुरा. तो अजून आपल्यालाच शिव्या घालतो. सर, निरोगी माणूस मिळत नाही. करावाच लागतो."

मोठ्या सरांनी विचार केला. "ठीक आहे. ह्या परीक्षेला मामा निरोगी. पण एकाही विद्यार्थ्याने ह्यांच्यात एकही रोग लिहिला, तर मामा, ही नोकरी संपली, लक्षात घ्या."

मामा घरी आला. बातमी त्याच्या आधी मेव्हण्याला लागली होती. मेव्हणा येऊन बसलाच होता. गाद्यांच्या दुकानाला त्याने नवी मोठी काच लावली होती.

"दाजी, सोडा तो रोगांचा नाद. काचेच्या मागे गादी टाकतो. तुम्ही दिवसभर झोपायचं. लोक बघतील, म्हणतील, वा, काय झोप लागलीय! गाद्या खपतील."

"झोपेत अभिनय कसला करायचा?" मामा म्हणाला.

"करायचाच नाही. झोपायचं."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मी सांगते, हा उतरलेला चेहरा त्याने केलेला नव्हता. दिवसभर, भर बाजारात, काचेमागे, आणि कुणी ओळखायचं तर काय ओळखायचं, तर गादी!

तालीम सुरू झाली. मामी परीक्षक.

"नाव?"

"तेच आपलं."

"काय होतंय?"

"काही नाही," मामा म्हणाला, आणि ते अशा खोल, दबलेल्या, सोसलेल्या आवाजात की मामीने पटकन त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, काही नाही हे काही नाहीसारखं म्हणा!"

"काही नाही!" आता तो इतका खणखणीत म्हणाला की वातात असलेला माणूस वाटला. मग सहज म्हणून बघितलं तर डाव्या पापणीने जुनी ओळख काढली. श्वास नुसता घ्यायचा म्हटलं तर छातीतली घरघर आपण होऊन हजर. इतक्या वर्षांचे रोग अंगात मुरलेले! एक झाकावा तर दुसरा डोकं काढी. हातसुद्धा कुठे ठेवायचे कळेना. निरोगी माणूस हात ठेवतो कुठे? आम्ही तिघं बराच वेळ एकमेकांच्या हातांकडे बघत बसलो आणि थोड्या वेळाने आम्हा तिघांनाही बरं वाटेनासं झालं.

तेव्हा मी म्हणाले, "मामा, पैज. तुझ्यात कुणीतरी रोग काढणार म्हणजे काढणार."

"लाव. हरलीस तर?"

"तू म्हणशील ते."

मामाने माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "हरलीस तर आठवडाभर कुणाचाही आवाज काढायचा नाही. फक्त स्वतःचा."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी काचेमागे झोपलेला असेन. आणखी काय हवंय तुला?"

ह्यावर हसता येईना. पण पैज लागली ती लागली.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. "मॅडम, रोग असला की मला आतलं काहीतरी धरायला मिळतं. कात्री असते, बटण असतं. निरोग्याच्या आत आहे काय? काहीच नाही. मी धरू काय?"

मॅडमना हे ऐकून जो आनंद झाला त्याला तोड नव्हती. "काहीच नाही? मामा! आता गंमत बघा. आत्ता, ह्या घटकेला, तुमच्या नाकात विषाणू येतायत. पेशीला चिकटायला त्यांना आपल्या मापाची खुंटी लागते. बहुतेकांना ती मिळतच नाही, येतात आणि घसरून जातात. एखाद्याला मिळते, तो शिरतो, छपाई सुरू करतो. त्या पेशीला कळतं की आपण फसलो. ती काय करते? शेजारणींना ओरडून सावध करते आणि स्वतः मरते, छापखान्यासकट! तुमच्या आतड्यात एवढे भले जंतू दाटीवाटीने बसलेत की परक्याला टेकायला जागा नाही. कुठे एखादं विष सुटलं, तर ते पेशीला लागायच्या आत रक्तातलं एखादं प्रथिन त्याचा हातच धरतं. आणि हे रोज, मामा! निरोगी म्हणजे रिकामा नव्हे. निरोगी म्हणजे तुंबळ!"

"तुंबळ!" मामा म्हणाला, आणि धावत घरी आला.

संध्याकाळी त्याने आम्हाला निरोगी माणूस करून दाखवला. डोळे वटारलेले, नाकपुड्या फुललेल्या, हाताच्या मुठी, मधेच एक पेशी मेली तेव्हा आवंढा. मामीने अर्ध्यातच पाण्याचा तांब्या आणला आणि शिंपीणबाई खालून विचारत्या झाल्या की डॉक्टरला बोलावू का.

मॅडमनी हे प्रयोगशाळेत पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अहो मामा, तुंबळ आत! मालकाला पत्ता नसतो. पेशी मरत असते तेव्हा मालक बसची वाट बघत असतो."

"मग मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार."

"मग मी करणार काय?"

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

त्या रात्री मामा जेवला, ताट धुतलं, आणि गादीवर पडून छताकडे बघत राहिला. सकाळी उठला तो एकदम वेगळा. शांत. दाढी केली, चहा प्यायला, मामीला म्हणाला, "येतो गं." मामी दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे चांगलं झालं की! असंच करा." त्याने मागे वळूनही बघितलं नाही. फक्त मानेवर, कानाच्या खाली, एक बोट अलगद टेकवलं आणि काढलं. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नाही.

पुढचं त्याने संध्याकाळी सगळे आवाज काढून सांगितलं, आणि मॅडमनी नंतर त्यातलं बहुतेक खरं असल्याचं सांगितलं.

खोली लहान, खुर्ची, टेबल, पडद्यापलीकडे मोठे सर कान लावून. शेजारच्या खोलीत जावईबापू, पटकीवर लावलेला. मुलं एकेक करून येऊ लागली. आणि निरोगी माणूस हा काय अवघड प्रकार आहे ते तेव्हा उघड झालं. परीक्षेत बसलेल्या मुलाला समोरच्याला काहीही झालेलं नाही हे पटतच नाही.

"पोट दुखतं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"लपवताय का?"

"नाही हो."

"लपवणारे असंच म्हणतात."

एकीने त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला, तर तिने संशयाने दुसरीकडे मारली. एकाने घशात एवढा वेळ बघितलं की मामाला वाटलं, ह्याचं काहीतरी आत पडलं. मामा बसलेला. पापणी जागच्या जागी, श्वास बिनघरघरीचा.

मग आला तो आडव्या बांध्याचा मुलगा. मागच्या दोन परीक्षा त्याने ह्याच खोलीत घालवलेल्या, म्हणजे नापास होऊन. त्याने सगळं तपासलं, घाम पुसला, पडद्याकडे बघितलं आणि मामाच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, आईशप्पथ, काहीतरी द्या ना. जास्त नाही. एक खोकला."

कलाकाराची कसोटी बघावी तर अशी! समोर प्रेक्षक हात पसरून उभा, आणि मामाकडे घसाभर खोकला तयार. कोरडा, ओला, डांग्या, मागशील तो. मामा सांगतो की खोकला घशाचा जिना चढून वर आला होता नुसता. पण त्याला काचेमागची गादी दिसली.

"नाही रे बाळा," मामा म्हणाला. "मला खरंच काही झालेलं नाही."

मुलाने डोळे पुसत 'निरोगी' लिहिलं आणि पास झाला. हे त्याला अजून कळलेलं नाही की का.

शेवटी आली ती कॉलेजातली पहिली येणारी मुलगी. ती खुर्ची ओढून मामाच्या समोर बसली आणि काही न विचारता बघतच राहिली. तेवढ्यात शेजारी गडबड. जावईबापूचं घामाचं बटण 'चालू'वर अडकलं! आत पंप, बाहेर पाणी, कुणी झाकण दाबतंय, कुणी खेचतंय, बटण काही बंद होत नाही. मोठे सर पडद्याआडून धावले. "पुसा त्याला! लक्षात घ्या, पुसा!" पाणी दाराखालून ह्या खोलीत आलं आणि मामाच्या चपलांना लागलं. मामाने पाय वर घेतले.

"पायांत पेटका?" मुलगी म्हणाली.

"पाणी आलंय."

"हं." तिने लिहायला सुरुवात केली, थांबली, खोडलं. ओलेचिंब मोठे सर परत आले. तिने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्याने वाचलं, "ह्यांना काहीही झालेलं नाही. परंतु हे संशयास्पद प्रमाणात निरोगी आहेत."

"म्हणजे रोग लिहिला!" मोठे सर म्हणाले.

"संशयास्पद निरोगी हा रोग कुठल्या जंतूने होतो, सर?" मॅडम दारातून म्हणाल्या. "मला सांगा. मी उद्या शिकवते."

मोठ्या सरांनी मागे बघितलं. जावईबापू अजून वाहत होता. त्यांनी पुढे बघितलं. मामा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, पाण्याच्या मधोमध, बसची वाट बघावी तसा बसला होता.

"मामा," ते थकून म्हणाले, "सोमवारी या. आणि येताना, लक्षात घ्या, पटकीची तयारी करून या."

घरी आम्ही टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याला निरोप गेला, त्याने काचेमागे उशा मांडल्या. मामा मात्र फुरंगटून बसलेला.

"अहो, नोकरी राहिली ना?" मामी म्हणाली. "मग तोंड का असं?"

"एकालाही कळलं नाही!" मामा उसळला. "एवढ्या पोरांत एकालाही नाही!"

"काय?"

"मला कांजिण्या होत होत्या!"

मामीने लगेच त्याची बाही वर सारून पुरळ आहे का बघितलं.

"मला मॅडमनी दिलेला निरोगी माणूस जमेना. मग आठवलं, कांजिण्यांचा विषाणू आत शिरला की दोन आठवडे काहीच दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. तो आपला मानेतल्या गाठींत बसून छापतोय, छापतोय. माणूस हसतो-खेळतो. मी म्हटलं, हे मला जमेल. सकाळपासून मी पहिला आठवडा करत होतो. इथे," त्याने कानाखाली बोट टेकवलं, "इथे छापखाना चालू होता दिवसभर. काय अभिनय होता! आणि गाढवं लिहितायत, निरोगी!"

मी टुणकन उडी मारली. "म्हणजे तू आजारी होतास! मी जिंकले!"

"पैज काय होती?" मामा शांतपणे म्हणाला. "कुणीतरी रोग काढणार. काढला?"

"नाही, पण होता ना!"

"होता. काढला?"

मी मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "काढला नाही. हरलीस तू."

तर आठवडाभर मी कुणाचाही आवाज काढला नाही. मॅडम नाही, मोठे सर नाही, पाववाला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून उशीर होणार होता म्हणून घरी फोन केला. "हॅलो, मामी, मला जरा उशीर होईल."

"कोण बोलतंय?" मामी म्हणाली.

"मी."

"मी कोण?"

"अगं, मीच!"

"राँग नंबर," मामी म्हणाली आणि फोन ठेवला. मागून मामाचं हसणं ऐकू आलं. कुठल्याच रोगाचं नव्हतं ते.